मिलीज मॅथ हाउस: १९९२ चा बालखेळ आज पुन्हा लावायचा तर

पाटीपेन्सिल

एडमार्क कंपनीचा 'मिलीज मॅथ हाउस' १९९२ साली आला. शाळेआधीच्या मुलांसाठी. मिली नावाची गाय, तिचं घर, आणि घरात छोटे छोटे खेळ. त्याच माळेत पुढे 'बेलीज बुक हाउस' (१९९३), 'सॅमीज सायन्स हाउस' (१९९४) आणि 'ट्रुडीज टाइम अँड प्लेस हाउस' (१९९५) आले. १९९६ मध्ये आयबीएमने एडमार्क विकत घेतली, नंतर ती रिव्हरडीप कंपनीकडे गेली, आणि ही माळ हळूहळू बाजारातून नाहीशी झाली.

आठवणींचे उमाळे काढायला हा धागा नाही. प्रश्न सरळ आहे: तीन-चार वर्षांच्या मुलापुढे हा खेळ आज ठेवावा का, आणि ठेवायचा तर कसा लावावा?

आधी खेळाची ओळख, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी.

'नंबर मशीन' म्हणजे दुकानातल्या गल्ल्यासारखं यंत्र. आकड्याची कळ दाबली की तेवढे प्राणी बाहेर येतात आणि मोजले जातात. 'बिल्ड-अ-बग' मध्ये किडा बनवायचा: डोळे, पाय, ठिपके यांतलं काय लावायचं आणि किती लावायचं ते मुलाने ठरवायचं. 'माउस हाउस' मध्ये चौकोन, त्रिकोण, वर्तुळ असे आकार जोडून उंदराचं घर उभं करायचं. 'लिटल, मिडल अँड बिग' मध्ये तीन मापांची तीन पात्रं आणि त्यांचे जोडे. 'बिंग अँड बॉइंग' म्हणजे चित्र आणि आवाज यांची साखळी, पुढे काय येणार ते ओळखायचं. 'कुकी फॅक्टरी' मध्ये घोडा सांगेल तेवढ्या गोळ्या बिस्किटावर टाकायच्या.

खरी खुबी वेगळीच आहे. प्रत्येक खेळाला दोन पद्धती आहेत. एकीत मूल मोकळं खेळतं: काहीही दाबा, काहीतरी घडतं, चूक नावाची गोष्टच नाही. दुसरीत खेळ प्रश्न विचारतो. मूल एकीतून दुसरीत केव्हाही जाऊ शकतं, आधीचा टप्पा पार करावा लागत नाही. गुण नाहीत, घड्याळ नाही, हरणं नाही. आजच्या बहुतेक बालखेळांत हे सगळं एकत्र सापडत नाही, म्हणून हा खेळ पुन्हा काढून बघण्यालायक वाटतो.

माझं मत: सहाही खेळ सारखे चांगले नाहीत. नंबर मशीन, बिल्ड-अ-बग आणि माउस हाउस हे तीन आजही खणखणीत आहेत. बाकीच्यांवर चर्चा होऊ द्या. आणि तांत्रिक बाजू जाणणाऱ्यांनी ती कृपया नीट, पायऱ्या-पायऱ्यांनी लिहा. 'डॉसबॉक्समध्ये (विंडोजआधीच्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतो' एवढंच लिहून पळू नका.

---

बिटबखेडा

पळत नाही. घ्या.

आधी तुमच्याकडे नेमकी कोणती आवृत्ती आहे ते बघा. जुनी फ्लॉपीवरची डॉस आवृत्ती असेल तर काम सोपं. नंतरची विंडोजची सीडी असेल तर ती १६-बिट विंडोजसाठीची, आणि सगळी कटकट तिथेच आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम थेट चालत नाहीत. कारण असं की प्रोसेसर ६४-बिट पद्धतीत गेला की जुनी आभासी ८०८६ पद्धत उपलब्ध राहत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने एनटीव्हीडीएम हा जुने १६-बिट प्रोग्राम चालवणारा भाग ६४-बिट विंडोजमध्ये दिलाच नाही. म्हणून राइट क्लिक करून 'कम्पॅटिबिलिटी' मध्ये विंडोज ९५ निवडण्याचा काहीही उपयोग नाही. त्या खिडकीत अर्धा तास घालवू नका.

उपाय: डॉसबॉक्स, आणि त्याच्या आत विंडोज ३.१.

१. एक रिकामं फोल्डर करा आणि ते डॉसबॉक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा, म्हणजे जोडा. संगणकाचा खरा सी ड्राइव्ह कधीही माउंट करू नका.

२. विंडोज ३.१ च्या सगळ्या फ्लॉप्यांमधल्या फाइली एकाच उपफोल्डरमध्ये ओता आणि तिथून सेटअप चालवा. असं केलं की ते मध्येच दुसरी फ्लॉपी मागत नाही.

३. आता चित्राचा ड्रायव्हर. मूळ विंडोज ३.१ हे १६ रंगांत उघडतं आणि हा खेळ २५६ रंग मागतो. डॉसबॉक्स एस३ ट्रायो या चित्राच्या कार्डाची नक्कल करतो, म्हणून विंडोज ३.१ साठीचा एस३ चा ड्रायव्हर हवा. विंडोजमधून बाहेर या, डॉसमधून विंडोजच्या फोल्डरातला सेटअप चालवा, डिस्प्लेच्या ओळीवर 'अदर' निवडा, ड्रायव्हरचं फोल्डर दाखवा आणि ६४० गुणिले ४८०, २५६ रंग हे माप घ्या. जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं असं समजून ६४ हजार रंग घेऊ नका. त्या काळचे खेळ रंगांचा तक्ता बदलून हालचाल दाखवायचे, आणि जास्त रंगांच्या पद्धतीत तो तक्ताच नसतो. मग रंग विचित्र तरी दिसतात किंवा खेळ उघडायलाच नकार देतो.

४. आवाज. साउंड ब्लास्टर १६ या आवाजाच्या कार्डाचा विंडोज ३.१ साठीचा ड्रायव्हर टाका. इथे निम्म्या लोकांची गाडी अडते. डॉसबॉक्समध्ये मूळ मांडणी पत्ता २२०, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) ७, डीएमए (आवाजाची माहिती पोचवायची वाट) १, हाय डीएमए ५ अशी आहे. ड्रायव्हर टाकताना आयआरक्यू ५ पुढे केला जातो आणि लोक 'ओके' दाबून मोकळे होतात. मग आवाज येतच नाही, किंवा पहिला तुकडाच रेकॉर्ड अडकल्यासारखा वाजत राहतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

५. सीडीची प्रतिमा (अख्ख्या सीडीची फाइलरूपातली प्रत) आयएमजीमाउंट आज्ञेने डी ड्राइव्ह म्हणून जोडा, प्रकार आयएसओ. ही आज्ञा विंडोज सुरू करण्याआधी द्यायची. आतून देता येत नाही.

६. वेग. सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) 'मॅक्स' वर ठेवू नका, ठरावीक आकडा द्या. २०००० च्या आसपास दिले की साधारण ४८६ च्या चालीने खेळ चालतो. मॅक्सवर ठेवलं तर काही हालचाली डोळ्यासमोरून सुर्रकन जातात. मोजणीचा खेळ असेल तर ते अगदीच वाईट, कारण 'एक... दोन... तीन' यांच्यामधला थांबा हाच तर धडा आहे.

खेळ चालू झाला की ते अख्खं फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा. पुढे काही बिघडलं तर दुरुस्त करत बसू नका, ती प्रत परत आणा.

---

टिंबटिंब

६४-बिट विंडोजवर ओटीव्हीडीएम नावाचा छोटा मोफत प्रोग्रामही आहे. त्याच्यावर खेळाची फाइल ओढून सोडली की बरेच १६-बिट विंडोज प्रोग्राम थेट उघडतात, डॉसबॉक्स नको, विंडोज ३.१ नको. आधी तो करून बघणं सोपं नाही का?

---

बिटबखेडा

टिंबटिंब, करून बघायला हरकत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. पण दोन अडचणी लक्षात ठेवा.

पहिली, मोकळ्या जागेची. जुने इन्स्टॉलर डिस्कवरची मोकळी जागा ३२-बिट संख्येत मोजतात आणि चिन्हासाठी त्यातला एक बिट जातो. जागा २ जीबीच्या वर असली की आकडा उलटून ऋण होऊ शकतो आणि इन्स्टॉलर म्हणतो 'जागा अपुरी'. रिकामी डिस्क समोर असताना! डॉसबॉक्समध्ये हा त्रास नाही, कारण तो स्वतःहून सुमारे २५० एमबीच मोकळी जागा दाखवतो.

दुसरी, रंगांची. आजच्या विंडोजचा पडदा २५६ रंगांत चालत नाही, त्यामुळे तक्त्यावर अवलंबून असलेल्या खेळात गाय हिरवी दिसू शकते. गाय हिरवी दिसली तर निमूटपणे डॉसबॉक्सकडे या.

---

खोडरबर

सीडी हाताळण्याबद्दल थोडं. एवढ्या जुन्या सीड्या बाहेर काढल्या की लोक त्या गोल गोल पुसतात. तसं करू नका. मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल ओरखडा माहितीच्या वाटेनेच जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वाटेचा इवलासा भाग खातो, आणि तेवढी दुरुस्ती ड्राइव्ह स्वतः करू शकतो. दुसरं, लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि चित्राची बाजू टेबलावर घासतात. सीडीत उलटं आहे: परावर्तक थर चित्राच्या अगदी खाली असतो, वर नुसता लाखेचा पातळ लेप. तिथे खरवडलं तर ते कशानेही भरून येत नाही.

पहिल्याच फेरीत प्रतिमा काढा आणि नंतर सीडी डब्यात ठेवून द्या. सीडीवर गाण्यांसारखे आवाजाचे ट्रॅक वेगळे असतील तर आयएसओ काढू नका. त्यात फक्त माहितीचा ट्रॅक येतो आणि खेळ मुका होतो. क्यू आणि बिन अशी जोडी काढा आणि माउंट करताना क्यू फाइल दाखवा.

---

निळीशाई

तंत्रज्ञांनी रंगाबद्दल लिहिलं, आकाराबद्दल कुणीच लिहिलं नाही. माउस हाउससाठी मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हा खेळ ४:३ पडद्यासाठी काढलेला. आजचा पडदा १६:९. 'फुल स्क्रीन' करताना चित्र दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं तर रुंदी १.३३ पट होते, उंची तेवढीच राहते. म्हणजे ९० गुणिले ९० चा चौरस १२० गुणिले ९० चा दिसतो. ज्या खेळात 'हा चौरस, हा आयत' हेच शिकायचं आहे, तिथे पडद्यावर चौरस उरतच नाही! वर्तुळ अंड्यासारखं, आणि आवाज मात्र ठामपणे सांगतो की हे वर्तुळ आहे. मोठ्या माणसाचा मेंदू ते सावरून घेतो. चार वर्षांचं मूल तेच खरं मानून घेतं.

म्हणून:

डॉसबॉक्सच्या मांडणीत (सेटिंग्जच्या फाइलीत) 'अॅस्पेक्ट' चालू करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तर येऊ द्या.

मॉनिटर किंवा टीव्हीच्या स्वतःच्या मेनूतही 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' नावाची निवड असते, ती बंद करा. टीव्ही जोडलेला असेल तर नव्वद टक्के वेळा ताण तिथूनच येतो.

शेवटी, खरी पट्टी घेऊन पडद्यावरचा चौरस मोजा. रुंदी आणि उंची यांत एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर मूल बसवू नका.

जुन्या ३२० गुणिले २०० मापाच्या डॉस खेळांना तर ही काळजी दुप्पट. त्या पद्धतीत एकेक ठिपकाच चौरस नसतो, रुंदीपेक्षा १.२ पट उंच असतो. चित्रकाराने पडद्यावर चौरस दिसावा म्हणून ६० गुणिले ५० ठिपक्यांचं चित्र काढलेलं असतं. दुरुस्तीशिवाय दाखवलं की ते बसकं दिसणार.

---

पाटीपेन्सिल

निळीशाई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता. पट्टीची युक्ती तर एकदम पटली.

---

सुटेसुटे

आता जरा विरोधी सूर. चित्र नीट दिसलं, आवाज नीट आला, पण मूल शिकतंय कशावरून?

लिटल-मिडल-बिग घ्या. तीन जोडे, तीन पात्रं. डोळे मिटून पहिल्या पात्राला जोडा उचलला तरी तीनात एकदा बरोबर येतो. चुकलं तरी पुन्हा संधी. म्हणजे मूल दोन-तीन क्लिकांत दर वेळी 'बरोबर' पर्यंत पोचतं आणि पालक खूश. बिंग अँड बॉइंगमध्येही तेच. पर्याय कमी, नुकसान शून्य, त्यामुळे सगळं दाबून बघणं हाच सगळ्यात सोपा मार्ग. मुलं हे फार लवकर ओळखतात.

एवढ्यासाठी जुनं यंत्र, जुनी विंडोज, जुने ड्रायव्हर हा खटाटोप कशाला?

---

अंकपाळणा

सुटेसुटे, शंका रास्त आहे, पण ती प्रश्नांच्या पद्धतीला लागू पडते. मोकळ्या पद्धतीला नाही. तिथे बरोबर उत्तरच नाही, तर अंदाज कशाचा करणार?

मोजायला शिकणं म्हणजे नेमकं काय, हे जरा उलगडून लिहितो, कारण खेळ जोखायचा तर ते कळायला हवं. रॉशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच आकडा. आकड्यांचा क्रम कायम. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण संख्या. मोजायच्या वस्तू कोणत्याही असोत, मोजणी तीच. आणि कुठून सुरुवात केली याने फरक पडत नाही.

मुलं अडखळतात ती तिसऱ्या तत्त्वावर. 'एक दोन तीन चार पाच' घडाघडा म्हणतात, बोटही बरोबर ठेवतात, आणि मग 'किती आहेत?' विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. पाच हा शब्द त्यांच्यासाठी पाचव्या वस्तूचं नाव असतं, सगळ्या ढिगाचं नाही.

आता बिल्ड-अ-बग बघा. तिथे मूल आधी संख्या निवडतं आणि मग तेवढ्या वस्तू येतात. नेहमीच्या मोजणीची ही उलट वाट आहे: संख्येकडून ढिगाकडे. नंबर मशीनमध्येही कळ आधी, प्राणी नंतर. हीच वाट तिसऱ्या तत्त्वाला हात घालते. बाकीच्या बहुतेक बालखेळांत वस्तू आधीच मांडलेल्या असतात आणि 'किती?' विचारतात, तिथे शेवटचा आकडा नुसता पुन्हा उच्चारला तरी भागतं.

शिकलंय की नाही हे मात्र पडद्यावर तपासू नका. संगणक बंद करा. दहा-बारा सारखी बटणं मुलापुढे ठेवा आणि म्हणा, 'मला चार दे.' मोजू नकोस, मोज, असं काही म्हणू नका. बघत राहा:

मूठभर उचलून दिली तर संख्येचा अर्थ अजून लागलेला नाही, मग ते शंभरापर्यंत म्हणत असलं तरी.

एक मागितलं तर एक देतं, दोन मागितली तर दोन देतं, पण तिनापासून पुढे मूठ. ही अगदी नेहमीची पायरी. मुलं 'एक' वर, मग 'दोन' वर, मग 'तीन' वर असे कित्येक महिने थांबत थांबत येतात.

एकेक बटण बाजूला काढून चाराशी थांबलं तर काम झालं. बहुतेक मुलांत हे साडेतीन-चारच्या सुमारास येतं, पण मागे-पुढे होण्यात काळजीचं काही नाही.

तपासताना पाच-सहापर्यंतच्या संख्या घ्या, आणि निदान एकदा चाराच्या वरची मागाच. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेनेच कळतात, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढला तर फसगत होते.

---

सुटेसुटे

बटणांची कसोटी चांगली आहे. मग सरळ बटणांनीच शिकवा ना!

---

अंकपाळणा

शिकवाच. खेळ हा बटणांच्या जोडीला, बदली नाही. पडदा एक गोष्ट देतो जी बटणं देत नाहीत: मुलाने सात पाय ठरवले की सात पायांचा किडा निमूटपणे तयार होतो आणि सात मोजले जातात. दर वेळी त्याच शांतपणे, चाळिसाव्या वेळीसुद्धा. मोठं माणूस पाचव्या वेळी कंटाळून 'कळलं ना आता?' म्हणतं.

लिटल-मिडल-बिगबद्दल तुमचं म्हणणं मान्य. घरातल्या तीन डब्यांची झाकणं लावायला दिली तर तोच धडा जास्त चांगला होतो, कारण चुकीचं झाकण खरोखरच बसत नाही.

---

काजवा२

खेळ इंग्रजीत बोलतो. मराठी बोलणाऱ्या मुलाला याचा गोंधळ नाही का होणार? तिसरं तत्त्व वगैरे ठीक, पण आकड्यांचे शब्दच परके.

---

अंकपाळणा

मुलाला मराठीत दहापर्यंत शब्द येत नसतील तर आधी ते. खेळ त्यानंतर. शब्द येत असतील तर आवाज बंद करा आणि प्राणी बाहेर येताना शेजारी बसून तुम्ही मोजा, 'एक, दोन, तीन', आणि शेवटी थांबून 'तीन प्राणी' असं म्हणा. तो शेवटचा शब्द विसरू नका, सगळा अर्थ त्यातच आहे. एका बैठकीत एकच भाषा ठेवा. तीन म्हणायचं आणि लगेच थ्री म्हणायचं, असं केलं तर एका वस्तूला दोन शब्द पडतात आणि पहिल्या तत्त्वालाच धक्का लागतो.

कळांवरचे आकडे इंग्रजी लिपीतले आहेत. ३ हा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा दिसतो, पण आपला १ त्यांच्या नवासारखा दिसतो आणि आपला ७ त्यांच्या कशाचसारखा दिसत नाही. देवनागरी आकडे नुकते शिकवायला घेतले असतील तर कीबोर्डच्या वर एक ते दहा अशी कागदी पट्टी चिकटवा: वर त्यांचा आकडा, खाली आपला, आणि त्याखाली तेवढे टिंब. टिंबं असतील तर लिपीचा घोळ आपोआप सुटतो.

---

निळीशाई

बिंग अँड बॉइंगबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यात चित्र आणि आवाज एकाच क्षणी यायला हवेत, नाहीतर साखळी कळत नाही. ब्लूटूथचा स्पीकर लावू नका, त्यात आवाज मागून येतो. तारेचा स्पीकर लावा. डॉसबॉक्सच्या मिक्सरमध्ये 'प्रीबफर' (आवाज किती आधी साठवून ठेवायचा ते) वाढवून ठेवलं असेल तर तेही कमी करा. आवाज तुटायला लागला की जरा वाढवा, तुटत नाही तिथवर.

---

हातमोजा

माउसवर लिहितो. तीन वर्षांच्या हाताला तीन गोष्टी जड जातात: डबल क्लिक, बटण धरून ओढणं, आणि डावं-उजवं बटण वेगळं ओळखणं.

डबल क्लिक तर टाळताच येतो. खेळ सुरू करण्याचं काम मोठ्यांनी करावं. विंडोज ३.१ मधल्या स्टार्टअप गटात खेळाचं चिन्ह टाका, म्हणजे विंडोज उघडताच खेळ उघडेल.

पॉइंटर फार पळत असेल तर डॉसबॉक्सच्या मांडणीत 'सेन्सिटिव्हिटी' १०० ची ५० करा. माउस लहान घ्या. मोठ्या माणसाच्या माउसवर मुलाचा पंजा पुरत नाही, मग ते दोन हातांनी धरतं आणि क्लिक करताना माउस हलतो. 'बाण पळतो' अशी तक्रार येते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उजव्या बटणावर रंगीत टिकली चिकटवू नका. मुलं नेमकी टिकलीच दाबतात. डाव्यावर चिकटवा.

पॉइंटर खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१० ने सुटतो. कंट्रोल आणि एफ९ दाबलं की मात्र डॉसबॉक्स जागच्या जागी बंद होतो, विचारतसुद्धा नाही. कीबोर्ड आपटणाऱ्या मुलाला ही जोडी कधी ना कधी सापडतेच. डॉसबॉक्सच्या कळ-मांडणीत जाऊन ती काढून टाका, किंवा कीबोर्डच बाजूला ठेवा. हा खेळ पूर्णपणे माउसवर चालतो.

---

टिंबटिंब

टचस्क्रीनवर? मुलांना तेच सोपं.

---

हातमोजा

साध्या डॉसबॉक्समध्ये नीट होत नाही. तो माउसचं 'इतकं सरकलं' एवढंच आत पोचवतो, 'इथे टेकलं' हे नाही. बोट एकीकडे, बाण दुसरीकडे. डॉसबॉक्स-एक्स किंवा डॉसबॉक्स स्टेजिंग या सुधारित आवृत्त्यांत विंडोज ३.१ साठी वेगळा माउस ड्रायव्हर वापरून नेमकी जागा पोचवता येते. मेहनत आहे, पण जमतं.

गंमत म्हणजे एडमार्क त्या काळी स्वतःच 'टचविंडो' नावाचा, मॉनिटरवर अडकवायचा स्पर्श-पडदा विकायची. शिवाय या माळेतल्या खेळांत एका बटणावर चालणारी पद्धतही होती: पडद्यावरच्या निवडी एकामागोमाग उजळत जातात आणि हवी ती उजळली की बटण दाबायचं. ज्या मुलांना माउस धरताच येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. आज एका बटणाचं स्विच यूएसबीवर माउस-क्लिक म्हणून जोडता येतं. अशा मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी केवळ एवढ्यासाठी हा खेळ लावला तरी खटाटोप वसूल. १९९२ सालच्या बालखेळात हा विचार झाला होता, आणि आज हजारो बालखेळ त्याशिवाय येतात.

---

काजवा२

हे सगळं वाचून दमायला झालं. आजच्या यंत्रावर सरळ चालेल असं काही नाही का?

---

खोडरबर

आहे. जीकॉम्प्री. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज-लिनक्स-अँड्रॉइड सगळीकडे. ब्रुनो कुदुआँ यांनी २००० साली सुरू केलं, आता केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पात आहे. नाव फ्रेंच, 'मला समजलं' या अर्थाच्या शब्दांवरून.

पण ते उघडून मुलाच्या हाती देऊ नका. त्यात शंभराहून जास्त खेळ आहेत, दोन ते दहा वर्षांपर्यंतचे, आणि तीन वर्षांचं मूल त्यात हरवतं. आधी मांडणीत जाऊन काठिण्याच्या ताऱ्यांपैकी फक्त पहिला तारा ठेवा. किऑस्क पद्धत चालू करा, म्हणजे बाहेर पडायचं आणि मांडणी बदलायचं बटण दिसत नाही. आवाजाच्या फाइली वेगळ्या उतरवाव्या लागतात. ते आधीच करून ठेवा, नाहीतर खेळ गप्प राहतो आणि तो बिघडलाय असं वाटतं.

पडणाऱ्या फाशांचा खेळ या वयाला नको. फासा खाली टेकायच्या आत आकडा दाबायचा असतो. मोजायला शिकणाऱ्याला घाई लावली की ते मोजणं सोडून अंदाज मारतं.

दुसरी वाट स्कमव्हीएम. तो एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) नाही, जुन्या खेळांची इंजिनंच त्यात नव्याने लिहिलेली आहेत, म्हणून ज्यांचं इंजिन आहे तेच खेळ चालतात. हमंगस एंटरटेनमेंटचे खेळ, म्हणजे १९९२ चा 'पट-पट जॉइन्स द परेड' आणि पुढचे, त्यात छान चालतात. फाइलींचं फोल्डर दाखवलं की झालं. फक्त ते गोष्टीचे खेळ आहेत, मोजणीचे नाहीत.

---

सुटेसुटे

दोन्हींत मोकळी पद्धत आहे का? धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा तोच होता.

---

पाटीपेन्सिल

जीकॉम्प्रीत बहुतेक ठिकाणी प्रश्न आहे आणि उत्तर आहे. रेघोट्या ओढायचे, पुसायचे, कीबोर्ड बडवायचे काही खेळ मोकळे आहेत, पण संख्येचा मोकळा खेळ, कळ दाबा आणि तेवढे प्राणी बघा, असा नाही. पट-पटमध्ये पडद्यावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू दाबून बघता येते, तोही मोकळेपणाच, पण त्यातून संख्या हाती लागत नाही. म्हणून मिलीचा खटाटोप.

वेळेबद्दल एकदाच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक सूचना दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा असं सांगते, आणि कमी तितकं बरं. एक वर्षाच्या मुलासाठी नकोच. तो तास सगळ्या पडद्यांचा मिळून आहे. मिलीसाठी पंधरा मिनिटं पुरतात: पाच नंबर मशीन, पाच बिल्ड-अ-बग, पाच मुलाला हवं ते. मग बटणं.

---

टिंबटिंब

पायऱ्या करून पाहिल्या. खेळ उघडतो, रंग बरोबर, चौरस पट्टीने मोजला, बरोबर. पण आकडे म्हणणारा आवाज तुटक येतो. पार्श्वसंगीत मात्र नीट.

---

बिटबखेडा

संगीत मिडीवरून (नुसत्या सुरांच्या सूचनांवरून) येतं आणि बोलणं डिजिटल, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजावरून, दोन्ही वाटा वेगळ्या. संगीत नीट आणि बोलणं तुटक, म्हणजे आयआरक्यू बहुधा जुळलाय पण सायकल्स कमी पडताहेत किंवा यजमान संगणक दमतोय. सायकल्स २०००० वरून २५००० करून बघा. सुधारलं नाही तर उलट १५००० करा, कारण जुन्या लॅपटॉपला २०००० सुद्धा झेपत नाहीत. कंट्रोल-एफ१२ ने चालू खेळातच वाढतात, कंट्रोल-एफ११ ने कमी होतात. वरच्या पट्टीत आकडा दिसत राहतो. जिथे आवाज सलग येईल तो आकडा मांडणीच्या फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

आणि लॅपटॉप चार्जरवर आहे ना? बॅटरीवर प्रोसेसरचा वेग उतरतो, आवाज पहिल्यांदा तिथेच तुटतो.

---

टिंबटिंब

चार्जरच नव्हता लावलेला.